हाक्यातला एक जण किरकोळ जखमी

मी सहजासहजी दचकणारी बाई नाही. तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली की दचकायची सवय आपोआप मोडते. परत आलेल्या पुस्तकांत मी प्रेमपत्रं पाहिली, केसांची गुंतवळं पाहिली, एका कादंबरीत तर खूण म्हणून घडी घालून ठेवलेली अख्खी पोळी पाहिली, तुपासकट. पण दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, चारच्या चहाला, आमचे बाइंडर धकाते काकाजी मोठ्यानं वाचता वाचता एका ओळीवर जे थांबले, त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. आणि तो अंक त्यांच्या हातात दिला होता कोणी? मीच. तोही जणू पेढे वाटावेत अशा थाटात.

मोरेश्वर धकाते मूळचे उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. घरात पिढ्यान् पिढ्या माग चालला आणि यांच्या लहानपणीच थांबला. मग ते नागपुरात येऊन एका छापखान्यात बाइंडिंग शिकले आणि आमच्या वाचनालयात चिकटले ते चिकटलेच. मी नोकरीला लागले तेव्हा ते होतेच आणि मी निवृत्त व्हायला आले तरी होतेच. "दोरा काही सुटला नाही म्याडम," ते म्हणत, "कापडाचा कागद झाला, एवढंच."

जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. त्यावर दाभण, मेणाचा गोळा, पुठ्ठ्यांची चळत आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खळ. वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची नखं बारा महिने निळसर असायची. नवीन सभासद बाया त्यांच्या हाताकडे बघून जरा बिचकत. चष्म्याची एक काडी त्यांनी पुस्तकं शिवायच्या दोऱ्यानंच बांधलेली होती. मुलानं नागपुरातच बेसा भागात फ्लॅट घेतला, बापाला नवा चष्मा आणला, तरी कामावर येताना हे जुनाच घालून येत.

त्यांचा एक नियम होता. बांधायच्या आधी वाचायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. मी सुरुवातीला चिडले. महिनाभरात वीस पुस्तकं बांधायची सोडून हा माणूस चार बांधतो! एकदा विचारलंच. तर म्हणाले, "पान उलटं लागलं तं लेखकाची इज्जत जाते म्याडम. पान सुलटं लागूनही गेली, तं मंग ती त्याची त्यानं घालवली." मी आपला कानाला खडा लावला.

आमच्याकडे एक कपाट होतं, ज्याला कोणी हात लावत नसे. जुन्या शिकारीच्या आणि रानभटकंतीच्या मासिकांचं. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळी सरमिसळ. कोणी निवृत्त जंगल अधिकारी वारला की घरचे लोक गठ्ठे आणून टाकायचे आणि आमचं मंडळ देणगी म्हणून आभार मानायचं. त्यातलं एक मराठी मासिक नागपुरातूनच निघायचं. त्याचं खरं नाव मी देत नाही, इथे त्याला 'मचाण' म्हणू. शिकारीवर बंदी आली आणि बिचारं मासिकही बंद पडलं. या कपाटाचे जगातले एकमेव वाचक धकाते काकाजी होते.

चार वाजता चहा आला की ते त्यातला एक अंक काढून मोठ्यानं वाचत. ऐकायला मी आणि काउंटरवरची संध्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे पांढरे झाले होते. एका अंकात चार वर्षांच्या मुलीचा फोटो होता, फ्रॉक घातलेली, मेलेल्या वाघिणीच्या पोटावर बसलेली, आणि खाली 'वाढदिवसाची भेट'. शेवटच्या पानावर जाहिरात, 'बिबट्याचे पिल्लू विकणे आहे, घरच्या मांजरांशी सलोख्याने राहते.' एका वाचकाचं पत्र, की सांबराच्या शिंगांना जी खुंटीची शोभा येते ती सागवानाला येत नाही. संध्या तर म्हणाली, "काकाजी, हे लोक खरंच होते?" काकाजी म्हणाले, "होते म्हंजे? अर्धे तं धरमपेठेत राहत."

या लेखकांची त्यांना इत्थंभूत माहिती. कोण कर्नल, कोण लाकडाचा ठेकेदार, कोण नुसताच दुसऱ्याच्या मचाणावर बसून आपलं नाव लावणारा. सगळ्यांची त्यांनी एकच परीक्षा ठरवलेली. हाका घालणारे लोक रिकामे डबे बडवत जनावराला शिकाऱ्याच्या बंदुकीसमोर आणतात ना, त्यावरून त्यांचा शब्द होता. लेखक थापा मारायला लागला की काकाजी अंक मांडीवर आपटून म्हणत, "डबा वाजवून राहिला हा!" चैत्रात फुलणाऱ्या मोहाची फुलं एकानं भाद्रपदात पाडली होती. डबा. एक जण एकाच संध्याकाळी तीन वाघ पाडून वर घरी जेवायला आला होता. डबा. एकाची वाघीण मरताना शिकाऱ्याकडे 'क्षमा केल्यासारखी' बघत होती. काकाजींनी तो अंक दोन दिवस उघडाच ठेवला आणि जाता-येता त्याला म्हणत, "क्षमा! तुले काहून करन ते?"

एकदा वन्यजीव सप्ताहात आमच्याकडे एका गृहस्थांचं व्याख्यान होतं. कानटोपी, काठी, भारदस्त आवाज. त्यांनी आपण ऐन तारुण्यात नाल्यात वाघासमोर निःशस्त्र कसे उभे राहिलो आणि फक्त नजरेनं त्याला कसं माघारी पाठवलं, ते रंगवून सांगितलं. लोक स्तब्ध. तेवढ्यात काकाजी पाण्याचा ग्लास घेऊन व्यासपीठावर गेले. ग्लास ठेवला आणि शेजारी एक बांधीव खंड उघडून ठेवला. गृहस्थांनी त्यात डोकावलं आणि वाघ बाजूला राहिला, त्यांनाच घाम फुटला. गोष्ट शब्दन् शब्द तीच, लेखक दुसरा. व्याख्यान पाच मिनिटांत आटोपलं. मी काकाजींना नंतर झापलं, पाहुण्यांचा असा अपमान करतात का म्हणून. ते म्हणाले, "मी कुठं काही बोललो? पाणी तं दिलं."

म्हणून तर मला वाटायचं की या माणसाला जंगलाचं भयंकर वेड असणार. माझ्या जावयानं एकदा ओळखीनं आम्हा सगळ्यांसाठी जंगल सफारीची गाडी मिळवली. संध्या नवे बूट घेऊन आली. काकाजींनी नाही म्हटलं. मी आग्रह केला, चेष्टा केली, उंटावरचे शहाणे म्हटलं. ते दाभणात दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्या बापाले वाघानं नेलं म्याडम."

इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि मला हे ठाऊक नव्हतं. मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. ते नऊ वर्षांचे होते. पौष महिना, सुताचा तुटवडा, माग बंद. कोण्या साहेबांचा जंगलात हाका होता, त्याला हाकेकरी म्हणून त्यांचे वडील गोविंदा गेले. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तिरपालात गुंडाळलेलं प्रेत आलं. सोबतच्या माणसानं सांगितलं, वाघानं धरलं, फार वाईट झालंय, उघडू नका. कोणी उघडलं नाही. कोणाचा हाका होता, कुठे होता, शेवटी काय झालं, हे घरात कोणालाच कधी कळलं नाही. आईला विचारलं की ती एवढंच म्हणे, वाघानं नेलं.

"अन् तरी तुम्ही हेच वाचता? रोज?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच तं वाचतो. कोन्या ना कोन्या अंकात तो हाका असनच न? हे लोक शिंक आली तरी लेख लिवतात. बाप कसा गेला, एवढं समजलं की झालं. दोन ओळी भेटल्या तरी चालते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बांधायच्या आधी वाचायचा नियम, ती महिन्याला चार पुस्तकं! हा माणूस नोकरीच त्यासाठी करत होता.

त्या सगळ्या लेखकांत एकाला ते मानायचे. 'मचाण'मध्ये एक वकीलसाहेब टोपणनावानं लिहीत. त्यांचं लिहिणं खरंच वेगळं होतं. नेम चुकला तर चुकला म्हणायचे, भीती वाटली तर वाटली म्हणायचे. एका हरणीला मारल्यावर तिच्या पोटात पिल्लू निघालं, तर त्या रात्री जेवलो नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचताना काकाजींचा आवाज जड व्हायचा. "हा एकटाच डबा वाजवत नाही," ते म्हणत. "हा खरा मानूस."

'मचाण'चे सगळे खंड त्यांनी बांधले, पण एका वर्षाचा गठ्ठा सुतळीनं बांधून तसाच पडला होता. त्यात अकराच अंक होते. एक मिळेना. सीताबर्डीच्या रद्दीवाल्यांकडे ते वर्षानुवर्षं विचारत राहिले. "अपुरं वर्स बांधाचं नसते," त्यांचं म्हणणं.

आता माझी हौस ऐका. एका लग्नात मला सहज कळलं की ते वकीलसाहेब अजून हयात आहेत. नव्वदीला टेकलेत, सिव्हिल लाइन्सला मुलाकडे राहतात, डोकं शाबूत आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते झोपले होते, पण सूनबाई भल्या होत्या. त्यांनी माळ्यावरची पेटी काढली आणि त्यात चक्क तो हरवलेला अंक! 'वाचून परत करा' एवढंच त्या म्हणाल्या. मी तो पर्समध्ये घालून मनीषनगरच्या घरी जाईपर्यंत मेट्रोत दोनदा उघडून पाहिला, पण वाचला नाही. काकाजींनीच आधी वाचावा, असं मी ठरवलं होतं. कसला मोठेपणा वाटत होता मला!

चारचा चहा आला. मी संत्रा बर्फी आणली होती. अंक पुढे ठेवला तेव्हा काकाजींनी आधी हात पुसले, मग अंक नाकाजवळ नेला. वरच लेख होता, लेखक वकीलसाहेब, नाव 'माझी एक चूक'. "पाहा," ते संध्याला म्हणाले, "चूक म्हून लेखाले नाव द्याले छाती लागते." आणि वाचायला लागले.

पौषातला हाका. उमरेडच्या पुढचा नाला. सकाळचं धुकं, बांबूचं बेट, दोन्ही अंगांनी डब्यांचा आवाज. संध्या बर्फीचा कागद सोडवत होती. मी पुढचं जसं ऐकलं तसं लिहिते.

'बेटात काळे काही हालले. अस्वल! मी नेम धरून चाप ओढला. परंतु ते अस्वल नव्हते, काळे घोंगडे होते. हाक्यातला एक जण किरकोळ जखमी झाला. हा उमरेडकडचा कोष्टी मोठा मजेदार असामी होता. काठीऐवजी घरून आणलेल्या धोट्याने तो डबा असा काही तालात बडवी की आम्हां मचाणावर बसून हसू यावे. नाव आता आठवत नाही. त्याची योग्य ती व्यवस्था लावून आम्ही दुसरे दिवशी...'

इथे ते थांबले.

"मंग, काकाजी?" संध्यानं विचारलं.

"मंग काही नाही. मंग दुसऱ्या दिवशी मोर मारले त्यानं."

मला वाटलं, दम लागला असेल. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. निळ्या नखाचं बोट त्या ओळीवर तसंच होतं. हळूहळू म्हणाले, "धोटा घेऊन माहा बापच गेला होता म्याडम. माग बंद होता तं धोटा घरी पडून होता, आडवं सूत फेकाचा, लोखंडी टोकाचा. माय म्हने नको नेऊ, मागाचा धोटा बाहेर नेत नाही. तो म्हने, काठीपेक्षा याचा आवाज खणखणीत येते. प्रेत आलं तवा धोटा आला नव्हता. माय धोट्यासाठीही रडली होती."

संध्या उठून उभी राहिली होती, का ते तिलाही माहीत नसावं. काकाजींनी तो शब्द पुन्हा वाचला, किरकोळ. मग पुन्हा एकदा. मग अंक मिटला आणि आमच्याकडे बघून, जणू आम्हीच काही सांगू शकू अशा आवाजात म्हणाले, "अन् माय? साठ वर्सं झाली, दर पौषात माय त्या वाघाले नैवेद्य नेते. वडे करून. वाघा, माह्या घरातलं आता कोनी नेऊ नको म्हून. अन् तिथं वाघ नव्हताच! वाघानं काहीच केलं नव्हतं!"

आयुष्यभर लोकांना डबा, डबा म्हणणाऱ्या त्या माणसाला एकानंच फसवलं होतं, आणि तो एकटाच त्यांना खरा वाटायचा. मला स्वतःचाच संताप आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कशाला शोधला मी तो अंक? बर्फी तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या बाईनं नेली.

अंक परत करायला मीच जाणार होते. काकाजी म्हणाले, मी येतो. मी नको म्हटलं, खूप समजावलं. "मी भांडाले नाही येत म्याडम. त्याले नाव सांगाचं हाये. आठवत नाही म्हनते न तो."

ते पांढरा सदरा घालून आले, इस्त्रीचा. वकीलसाहेब व्हरांड्यात उन्हाला बसले होते, गुडघ्यांवर शाल. जुना वाचक आला म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! बोलायला लागले. बंदूक कोणती होती, काडतुसं कुठून येत, वारा कोणत्या बाजूनं वाहत होता, मेलेल्या वाघांची मापं इंचांत. काहीएक विसरले नव्हते. काकाजी खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "साहेब, या अंकात एक कोष्टी हाये. किरकोळ जखमी."

वकीलसाहेब हसले. "कोणता?" म्हणाले.

"कोणता म्हंजे?"

"अहो, किरकोळ जखमी तर पुष्कळ झाले. आमच्या संपादकांचा दंडकच होता, मेला असं छापायचं नाही. वाचकाचा विरस होतो. कोणी दगावलं की किरकोळ लिहायचं. सगळेच लिहीत. मी तर निदान चूक म्हणून लिहिलं."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. सांगताना आताही अंगावर काटा येतो. कारण 'हाक्यातला एक जण किरकोळ जखमी झाला' ही ओळ आम्ही चारच्या चहाला किती वेळा ऐकली होती! दर दोन अंकांआड असायची. ती आली की काकाजी जरा थांबून एक घोट घ्यायचे, आम्हीही घ्यायचो, आणि पुढे जायचो. एवढ्या सगळ्या माणसांच्या मरणावर आम्ही चहा प्यालो होतो.

काकाजी उठले. हात जोडले. "गोविंदा," ते म्हणाले. "गोविंदा धकाते. तो कोष्टी. माहा बाप होता."

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत तोंड करून त्यांनी सूनबाईंना विचारलं, "यांना चहा दिला का गं?"

आम्ही चहा घेतला नाही. रस्त्यावर आल्यावर मीच रागावून बोलत सुटले. केस करा, पेपरात द्या, काय काय बडबडले. काकाजींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांची एकच चिंता होती. "मायले कसं सांगू?" आई शहाऐंशीच्या. उमरेडलाच काकाजींच्या धाकट्या भावाकडे राहायच्या. पौष लागला होता, नैवेद्य आठवड्यावर आला होता. सांगावं तर नवऱ्याचं मरण म्हातारीच्या हातात नव्यानं द्यायचं. न सांगावं तर डोळ्यांदेखत पुन्हा त्या निरपराध जनावरासमोर तिला हात जोडायला लावायचं. आठवडाभर त्यांनी एकही पान शिवलं नाही. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही या म्याडम. कोनी बाहेरचं असलं तं माहा आवाज फुटनार नाही."

म्हणून मी गेले. काकाजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी मी मुलीकडे तिच्या बाळंतपणाला गेले आणि मी परत यायच्या आत, चैत्रात, ते झोपेतच गेले.

उमरेडच्या बाहेर, जिथे शेतं संपून झाडी सुरू होते, तिथे शेंदूर फासलेला वाघोबाचा एक दगड होता. आम्ही ऑटोनं गेलो. म्हातारी वाळकी, पण ताठ. नऊवारी खोचलेली. तिनं स्वतः उठून वडे तळले होते आणि डबा स्वतःच्याच मांडीवर धरला होता. दगडाजवळ बसून ती पळसाच्या पत्रावळीवर वडे मांडायला लागली. काकाजी दरवर्षीसारखे लांब, दगडाकडे पाठ करून उभे होते. भावानं मला हळूच सांगितलं, दादा आजवर एकदाही पाया पडला नाही, मायले आणून सोडते फक्त. मग काकाजी वळले.

"माय, एक सांगाचं होतं."

"सांग न गा."

"बाबाले वाघानं नाही नेलं."

म्हातारीचा हात थांबला नाही. "हाव," ती म्हणाली.

"हाव काय? बंदुकीची गोळी लागली होती त्याले! अस्वल समजून मारलं. मी छापलेलं वाचलं, माह्या डोळ्यांनं."

"छापलं का?" तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मले वाटे, कोनी लिवलं नसन."

मीच न राहवून विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिरपाल उघडली होती वं बाई. सारे बाहेर बसले होते तवा. छातीत एवढंसं भोक. अंगावर नखाचा एक ओरखडा नाही. वाघ असा मारते का?"

"मंग काहून नाही सांगितलं?" काकाजी ओरडलेच. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "साठ वर्सं! मी पुस्तकं चाळून राहिलो, अन् तू..."

"कोनाले सांगू? तुले? तू नऊ वर्साचा. मोठा झाला असता अन् कुऱ्हाड घेऊन त्या सायबाच्या दारात गेला असता. मंग तूबी गेला असता. वाघाच्या दारात कोन जाते? म्हून मीबी वाघच म्हटलं."

धाकट्या भावानं मटकन बांधावर बसकण मारली.

काकाजींनी पत्रावळीकडे बोट केलं. "मंग हे काय माय? हे कोनासाठी? माह्या घरातलं नेऊ नको म्हून मांगते न तू?"

"ते तुमी म्हनता. मी कवा म्हटलं?" म्हातारीनं पदरानं हात पुसले. "त्याच्यावर आळ घेतला न गा मी. त्यानं काही केलं नवतं. वर्साकाठी एक डाव माफी तं मांगा लागते."

झाडीत कुठेतरी होले घुमत होते. काकाजी उभ्या जागी हललेसुद्धा नाहीत, आणि मला वाटलं, आता ते चालू लागतील, ऑटोत जाऊन बसतील. मग त्यांनी खाली वाकून आधी एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली. दोन्ही नीट जोडून बाजूला ठेवल्या. अनवाणी पायांनी ढेकळं तुडवत ते दगडापाशी गेले, गुडघे टेकले आणि आईच्या हातातला उरलेला वडा घेऊन पत्रावळीवर ठेवला. कपाळ मातीला लागलं ते लवकर वर आलंच नाही.

मग म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "झालं गा. त्याले समजलं. ऊठ आता."